तपासणीसूची (आणीबाणीच्या उपचारांतील)

रुग्णाची प्रकृती एकाएकी ढासळते, तेव्हा एकही आवश्यक कृती सुटू नये म्हणून मोठ्याने वाचायची क्रमवार यादी. रुग्णालयात तिला सर्रास ‘चेकलिस्ट’च म्हणतात.

ही पद्धत वैमानिकांकडून आली. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटनजवळ बोइंगचे ‘मॉडेल २९९’ उड्डाण करताच कोसळले. जमिनीवर असताना सुकाणू बांधून ठेवणारी कळ सोडायची राहिली होती, आणि विमान चालवणारे तर कसलेले होते. त्यातूनच वैमानिकांसाठी उड्डाणापूर्वी वाचायची सूची आली. शस्त्रक्रियेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची सूची काढली. त्या कामाचे नेतृत्व शल्यविशारद अतुल गवांदे यांनी केले. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत सूची वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले.

आणीबाणीत स्मरणशक्तीवर किती भार पडतो, हे एका उदाहरणावरून कळेल. भुलीच्या काही औषधांमुळे क्वचित एखाद्या रुग्णाचे स्नायू ताठरतात आणि ताप झपाट्याने चढतो. त्यावरचे औषध डँट्रोलीन, पहिली मात्रा किलोमागे २.५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या रुग्णाला १५० मिलिग्रॅम लागते, आणि जुन्या प्रकारच्या कुपीत असते फक्त २०. म्हणजे आठ कुप्या फोडायच्या, प्रत्येकीत ६० मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून ढवळायचे. त्याच वेळी भुलीचा वायू बंद करायचा, प्राणवायू वाढवायचा, अंग थंड करायचे. कित्येक भूलतज्ज्ञांना हा प्रसंग उभ्या कारकिर्दीत येत नाही. तो आठवणीवर सोडणे धोक्याचेच.

म्हणून वाचणारी व्यक्ती वेगळी हवी, तिच्या हाती दुसरे काम नको. तिने ओळ वाचायची, करणाऱ्याने ‘झाले’ म्हणायचे, मगच पुढची ओळ. ही लय सरावानेच बसते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७ पथकांपुढे १०६ बनावट संकटे उभी केली होती. सूचीविना २३ टक्के कृती सुटल्या, सूचीसह ६ टक्के.

नुसता कागद वाटून मात्र भागत नाही. कॅनडातील ऑन्टारिओत १०१ रुग्णालयांनी शस्त्रक्रियेची सूची लागू केली, पण मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. उत्तर प्रदेशात प्रसूतीच्या सूचीसोबत परिचारिकांना शिकवायला प्रशिक्षक येत. दोन महिन्यांनी ७३ टक्के आवश्यक कृती होत होत्या. प्रशिक्षकांच्या भेटी थांबून चार महिने झाले, तेव्हा हा आकडा ६२ वर उतरला. माता-बालमृत्यू तर या प्रयोगात घटलेच नाहीत.