गोदी कामगार (सुरक्षा, आरोग्य आणि कल्याण) अधिनियम, १९८६

गोदी कामगार (सुरक्षा, आरोग्य आणि कल्याण) अधिनियम, १९८६ हा बंदरांत जहाजांवर माल चढविणाऱ्या व उतरविणाऱ्या कामगारांच्या संरक्षणासाठी भारतीय संसदेने संमत केलेला कायदा होता (१९८६ चा ५४ वा अधिनियम). त्याने १९३४ च्या भारतीय गोदी मजूर अधिनियमाची जागा घेतली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली. जहाजावरील खलाशी व अधिकारी यांच्यासाठी व्यापारी नौवहनाचा कायदा वेगळा आहे.

पार्श्वभूमी

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२९ मध्ये गोदी कामगारांच्या अपघातांविषयी करार केला व १९३२ मध्ये तो सुधारला. त्याला अनुसरून भारतात १९३४ चा कायदा झाला. परंतु तो कागदावरच राहिला. भारताने कराराला अनुसमर्थन दिले ते १९४७ च्या फेब्रुवारीत, आणि कायद्याची अंमलबजावणी सुरू झाली ती १९४८ च्या फेब्रुवारीत.

या चौदा वर्षांच्या अवधीतच मुंबई बंदरातील सर्वांत मोठी दुर्घटना घडली. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या हजारो गासड्या होत्या. दुपारी धूर दिसला आणि चार वाजून गेल्यावर दोन प्रचंड स्फोट झाले. मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत दिले जातात. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. स्फोटकांच्या वाहतुकीचे नियम वेगळे असल्याने १९३४ चा कायदा लागू असता तर ही दुर्घटना टळली असती, असे म्हणता येत नाही. मात्र त्या दिवशी गोदीत राबणाऱ्या हमालासाठी सुरक्षेचा कोणताही स्वतंत्र कायदा अमलात नव्हता, हे खरे.

१९३४ च्या कायद्याचा आवाका जहाजावरील व जहाजालगतच्या चढउतारीपुरता होता. गोदीतील इतर कामगारांसाठी १९६१ मध्ये, गोदी कामगार (रोजगार विनियमन) अधिनियम, १९४८ अन्वये, स्वतंत्र योजना करावी लागली. एकाच गोदीत दोन व्यवस्था असल्याने निर्माण झालेला गुंता १९८६ च्या कायद्याने सोडविला.

व्याप्ती

'गोदी कामगार' या संज्ञेची व्याख्या हा या कायद्याचा गाभा होय. थेट नेमलेला असो वा ठेकेदारामार्फत आलेला, मुख्य मालकाला त्याची माहिती असो वा नसो, गोदीचे काम करणारा प्रत्येक जण तीत मोडतो. ठेकेदारीवर चालणाऱ्या या व्यवसायात 'तो आमचा माणूस नव्हे' ही सबब त्यामुळे चालेनाशी झाली. मालाची चढउतार, हलवाहलव व साठवण यांबरोबर जहाजाचे तळकोठे आणि टाक्या साफ करणे, गंज खरवडणे व रंग देणे हीही कामे गोदीच्या कामात धरली गेली. युद्धनौका मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आल्या.

प्रमुख बंदरांसाठी केंद्र सरकार आणि अन्य बंदरांसाठी राज्य सरकार, अशी अधिकारांची विभागणी होती. महाराष्ट्रात मुंबई व जवाहरलाल नेहरू (न्हावा शेवा) ही बंदरे केंद्राकडे, तर किनाऱ्यावरील ४८ लहान बंदरे राज्याकडे येतात. कोल्हापूरहून गगनबावडा गाठून करूळ घाट उतरले की वैभववाडी, तळेरे या मार्गाने ज्या विजयदुर्ग बंदरास जाता येते, ते राज्याकडील बंदर आहे. कायद्याची हद्द मात्र बंदराशीच संपते. गगनबावड्यात ट्रकवर पोते चढविणारा हमाल आणि तेच पोते बंदरात जहाजावर चढविणारा कामगार यांचे ओझे सारखेच असले, तरी पहिल्याला हा कायदा लागू नव्हता. त्याच्यासारख्यांसाठी राज्याचा १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम आहे.

नियम व अंमलबजावणी

तपशीलवार तरतुदी १९९० च्या विनियमांत आहेत. याऱ्या व क्रेन यांची दर पाच वर्षांनी भार लावून चाचणी आणि दर वर्षी सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी बंधनकारक करण्यात आली. तळकोठ्यांच्या उघड्या तोंडांभोवती कठडे, सुरक्षित शिड्या, पुरेसा उजेड आणि बंदिस्त जागेत उतरण्यापूर्वी हवेची खातरजमा यांवर विनियमांचा भर आहे. बंद तळकोठ्यात प्राणवायू कमी झाला, तरी वासावरून वा नजरेने ते कळत नाही. म्हणून ही शेवटची तरतूद विशेष महत्त्वाची ठरते. एक टन वा त्याहून जड नगावर वजन लिहिण्याची सक्ती मात्र जुनीच, १९५१ च्या स्वतंत्र कायद्याची आहे.

प्रमुख बंदरांतील अंमलबजावणी कारखाना सल्ला सेवा व श्रम संस्था महासंचालनालयाकडे होती. या संस्थेचे महासंचालक हेच गोदी सुरक्षेचे मुख्य निरीक्षक असत.

संहितेत विलीनीकरण

२०२० च्या संहितेने हा व इतर बारा कायदे एकत्र केले. मात्र संसदेची संमती आणि अंमलबजावणी यांत पाच वर्षे गेली. संहितेत 'निरीक्षक' हे पद 'निरीक्षक-नि-सुविधाकार' झाले. सर्वसाधारण आस्थापनांसाठी असलेली किमान दहा कामगारांची अट बंदर व त्यालगतच्या गोदीकामाला लावलेली नाही, त्यामुळे चार-पाच जणांची टोळीही संहितेच्या कक्षेत येते.