युद्धावर गेलेला प्राध्यापक

इंदूर असो, बडोदा असो की हैदराबाद, आपली माणसं भेटली की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, मुलीला खासगी लिबरल आर्ट्स कॉलेजात जायचंय. फी लाखांत. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान शिकून पुढे ती करणार काय?" प्रश्न रास्त आहे, कारण बापाच्या आयुष्याची कमाई पणाला लागते. मी फौजी माणूस, म्हणून उत्तरादाखल एका सैनिकाचा इतिहास सांगतो.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. तिथलं बोडिन कॉलेज 1794 मध्ये स्थापन झालं. लहानसं, खासगी. ग्रीक, लॅटिन, गणित, तत्त्वज्ञान आणि वक्तृत्व हे तिथलं शिक्षण. जोशुआ लॉरेन्स चेंबरलेन 1852 मध्ये तिथून पदवीधर झाला. लहान कॉलेजात शिक्षणाला वर्गाच्या भिंती नसतात. त्या काळात हॅरिएट बीचर स्टोव 'अंकल टॉम्स केबिन' लिहीत होत्या. त्यांचे पती बोडिनमध्ये प्राध्यापक होते. त्यांच्या घरी बसून त्या लेखनाचं वाचन ऐकणाऱ्या मुलांत चेंबरलेन होता. गुलामगिरीचा प्रश्न त्याला असा भेटला. पुढे तो बोडिनमध्येच वक्तृत्व आणि भाषा शिकवू लागला.

1861 मध्ये यादवी युद्ध पेटलं. पुढच्या वर्षी कॉलेजनं त्याला युरोपात अभ्यासासाठी रजा दिली. त्यानं रजा घेतली आणि गेला सैन्यात. गव्हर्नरला लिहिलेल्या पत्राचा आशय असा होता: लष्करी विद्येतलं जे मला येत नाही, ते शिकायचं कसं हे मला येतं. गव्हर्नरनं थेट कर्नलचा हुद्दा देऊ केला. त्यानं तो नाकारला, लेफ्टनंट कर्नल म्हणून 20 व्या मेन रेजिमेंटमध्ये गेला आणि आधी काम शिकला. शिकवणारा कमांडिंग ऑफिसर एडलबर्ट एम्स, वेस्ट पॉइंटचा पदवीधर. म्हणजे युद्धशास्त्र त्याला ग्रीक काव्यानं शिकवलं नाही, ते कसलेल्या फौजी माणसानंच शिकवलं. हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर आपण कॉलेजला नको ते श्रेय देऊन बसू.

कॉलेजचं श्रेय दुसरीकडे दिसतं. मे 1863 मध्ये 2 ऱ्या मेन रेजिमेंटचे 120 बंडखोर जवान त्याच्या ताब्यात आले. रेजिमेंटची मुदत संपून बाकीचे घरी गेले होते. यांनी मात्र तीन वर्षांच्या करारावर सह्या केल्या होत्या आणि आता लढायला ते तयार नव्हते. हुकूम होता, ऐकलं नाही तर गोळ्या घाला. चेंबरलेननं आधी त्यांना जेवू घातलं, मग त्यांची तक्रार ऐकून घेतली, ती वर कळवण्याचा शब्द दिला आणि पाळला. जवळजवळ सगळे त्याच्या रेजिमेंटमध्ये आले.

2 जुलै 1863, गेटिसबर्ग. लिटल राउंड टॉप टेकडीवर युनियन सैन्याचं अगदी डावं टोक त्याच्या रेजिमेंटकडे होतं. सुमारे 385 माणसं. त्यांच्यापलीकडे आपलं कोणी नाही आणि जागा सोडायची नाही. 15 वी अलाबामा रेजिमेंट पुन्हा पुन्हा चढून येत होती. गोळ्या संपत आल्या, तेव्हा संगिनी लावून 20 वी मेन उतारावरून तुटून पडली आणि टेकडी राखली गेली. फळीच्या मध्यावर निशाण धरून उभा राहिलेला सार्जंट अँड्र्यू टोझियर हा त्या 2 ऱ्या मेनमधूनच आलेला. महिनाभरापूर्वी ते 120 जण गमावले असते, तर ती फळी किती विरळ झाली असती याचा हिशेब करा.

12 एप्रिल 1865 ला ऍपोमॅटॉक्स इथे पराभूत दक्षिणी सैन्य शस्त्रं ठेवायला आलं, तेव्हा त्यानं आपल्या जवानांकडून त्यांना मानवंदना देवविली. आपल्याच बाजूचे लोक त्यावरून रागावले. तरी उद्या याच लोकांबरोबर एका देशात राहायचंय, हे त्याला दिसत होतं.

पुढे तो मेनचा गव्हर्नर झाला आणि 1871 मध्ये बोडिनचा अध्यक्ष. तिथं त्यानं लष्करी कवायत सक्तीची केली. 1874 मध्ये विद्यार्थ्यांनी चक्क नकार दिला. त्यानं त्यांना घरी पाठवलं. बहुतेक परतले, पण सक्ती टिकली नाही. बंडखोर जवानांना जिंकणारा हा माणूस स्वतःच्या विद्यार्थ्यांपुढे हरला. कॉलेजनं त्यांनाही प्रश्न विचारायला शिकवलं होतं ना!

तर मंडळी, फी भरण्याआधी कॉलेजची इमारत बघू नका. एका वर्गात किती मुलं बसतात, मुलांनी लिहिलेला निबंध प्राध्यापक स्वतः वाचून परत देतात का, वेगळं मत मांडणाऱ्या मुलाला बोलू देतात का, हे विचारा. शिष्यवृत्तीचीही चौकशी करा. उत्तरं समाधानकारक मिळाली आणि घर कर्जात बुडणार नसेल, तर मुलीला जाऊ द्या. ती एखादा धंदा शिकून बाहेर पडणार नाही, पण पुढे कुठलंही काम अंगावर पडलं तरी ते शिकून घेईल आणि हाताखालच्या माणसांचं ऐकून घेईल. उत्तरं मिळाली नाहीत, तर जवळच्या साध्या सरकारी कॉलेजातल्या चांगल्या शिक्षकाकडे पाठवा. जय हिंद.