शाहीर साबळे : तबकडीत मावले तेवढे

मंडळी, वाईची कृष्णाच पुढे आपल्या सांगलीला येते. त्या वाईजवळच्या पसरणीत ३ सप्टेंबर १९२३ रोजी कृष्णराव साबळे जन्मले. आपण त्यांना शाहीर साबळे म्हणून ओळखतो.

पोवाडा म्हणजे डफ, तुणतुणं आणि मागे झील धरणारे साथीदार. श्रोते रंगले की शाहीर कडवं लांबवतो, मधेच गावातलं काहीतरी घालतो. त्या काळच्या लहान तबकडीची एक बाजू मात्र तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. मग शाहिरी मावणार किती?

१९६० साली राज्य स्थापन झालं, तेव्हा राजा बढे यांचं 'जय जय महाराष्ट्र माझा' साबळेंनी श्रीनिवास खळे यांच्या चालीत गायलं. २०२३ मध्ये ते राज्यगीत झालं. तबकडीनं आवाज घरोघरी नेला, हे खरंच. पण त्याच शाहिरानं 'महाराष्ट्राची लोकधारा'मधून गोंधळ, भारूड, वासुदेव रंगमंचावर उभे केले, मुक्तनाट्यं केली. ते तबकडीत मावणारं नव्हतं. म्हणून एका गाण्यावरून आपण त्यांना मोजलं, तर निम्मे साबळे हरवतात.

राज्यगीताला आपण उभे राहतोच. कुपवाडच्या आसपास एखाद्या जत्रेत भारूड लागलं, तर तिथं बसूही या.