तारतम्याची शाळा

'तारतम्य' हा शब्द आपण नित्य वापरतो. पण त्याच्या पोटात 'तर' आणि 'तम' हे संस्कृतातील दोन तुलनावाचक प्रत्यय दडलेले आहेत, हे सहसा ध्यानात येत नाही. लघु, लघुतर, लघुतम ही पायरी ज्याला उमगली त्याला तारतम्य कळले. मराठीने मात्र आपल्या घरगुती विशेषणांना हे प्रत्यय लावले नाहीत. 'माड केळीपेक्षा उंच' असे म्हणताना 'उंच' जसेच्या तसे राहते; तुलनेचा सारा भार 'पेक्षा' वाहते, आणि ते तर 'अपेक्षा' या शब्दाचेच वंशज. म्हणजे तुलना करायची तर मराठीत दुसरी वस्तू शेजारी उभी करावीच लागते. लहान मुलांना मापन शिकविण्याचा आपल्याकडील इतिहास पाहताना भाषेची ही खूण ध्यानी ठेवावी, असे आम्हांला वाटते.

जुन्या मराठी व्यवहारात माप शरीराला बिलगून होते. बारा अंगुळांची वीत, दोन वितींचा हात, विहिरीच्या खोलीला परस. सभासदाच्या बखरीतील जमीनमोजणीची काठीदेखील पाच हात पाच मुठींची आहे. पंतोजींच्या शाळेत मात्र मुलांच्या वाट्याला आले ते मुख्यतः पाठांतर. धूळपाटीवर अक्षरे गिरवावीत आणि पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी, औटकी घोकावी. या घोकंपट्टीला हिणवणे सोपे आहे. साडेतीनपटीची औटकी जिभेवर असलेला मुलगा बाजारात सहजी फसत नसे, हे त्या शाळेचे सामर्थ्यच होय. परंतु तेथे परिमाण कानाने शिकले जाई. डोळ्याला आणि हाताला त्यात फारसे काम नव्हते.

ते काम दिले मारिया माँटेसरी यांनी. १९०७ साली रोममधील सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले. त्यांच्या साधनांतील दहा लाल दांड्या येथे विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली दहा सेंटिमीटरांची, शेवटची एक मीटरची. रंग एक, जाडी एक, फरक केवळ लांबीचा. मूल त्या क्रमाने मांडते, चुकले तर पायऱ्यांची रांग बिघडते आणि चूक त्याची त्यालाच दिसते. या टप्प्यावर आकडा कोठेच नाही. तांबड्या-निळ्या पट्ट्यांच्या दांड्या घेऊन तो नंतर येतो. आधी तुलना, मग क्रम, आणि त्यानंतर संख्या, हा त्यातील विचार.

हा विचार गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या हातून आपल्याकडे रुजला. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पण कारखान्यात घडवलेली, मोजूनमापून रंगवलेली साधने खेड्यातील बालवाडीला कशी परवडावीत? १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. आमच्या मते हा केवळ काटकसरीचा उपाय नव्हता. दांड्यांची किंमत लाकडात नसून त्यांच्या क्रमात आहे, हे ज्याने ओळखले त्यालाच त्यांच्या जागी बांबूच्या कांबट्या ठेवता येतात.

याच सुमारास मोजमापाचे जगही पालटत होते. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. औटकीची गरज संपत गेली आणि दप्तरात सेंटिमीटरची पट्टी आली. हे इष्टच झाले. माझी वीत आणि तुझी वीत सारखी नसते, म्हणून तर प्रमाणित मापाची गरज. पण ही गरज मुलाला स्वतःला भासली का? झ्याँ पियाजे यांनी दाखवून दिले की समान लांबीच्या दोन काड्यांपैकी एक किंचित पुढे सरकवली, तर लहान मूल तीच अधिक लांब मानते. अशा मुलाच्या हाती घाईने पट्टी दिली तर ते आकडा वाचेल, लांबी नव्हे. उलट, वर्गातील प्रत्येकाने एकच फळा आपापल्या वितीने मोजला आणि उत्तरे निरनिराळी आली, तर पट्टीचे प्रयोजन निराळे सांगावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट. उंचीचा पाठ बहुधा मुलांनाच रांगेत उभे करून दिला जातो आणि 'ठेंगणा' हे विशेषण तेथेच एखाद्याचे टोपणनाव होऊन बसते. 'पेक्षा' गळून पडते आणि नुसते विशेषण उरते. तुलना सापेक्ष असते. तिचा शिक्का झाला की तारतम्य सुटले. भाषेच्या शिक्षकाने बालवाडीच्या या पाठाकडे लक्ष द्यावे ते यासाठी. पुढे ज्याला आपण समीक्षा म्हणतो, तिचा ओनामा शेवटी तेथेच गिरवला जातो.