चढाईपटूची जडणघडण आणि प्रेक्षकांची निष्ठा : महाराष्ट्रातील व्यावसायिक कबड्डीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

२६ जुलै २०१४ रोजी मुंबईत वरळी येथील एनएससीआय सभागृहात यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स या संघांच्या सामन्याने प्रो कबड्डी लीगचा प्रारंभ झाला. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार पहिल्या हंगामाला दूरचित्रवाणीवर सुमारे ४३.५ कोटी प्रेक्षक लाभले. त्या वर्षी आयपीएल क्रिकेटखालोखाल ही संख्या होती. या घटनेचे वर्णन बहुधा ‘कबड्डीचा पुनर्जन्म’ असे केले जाते. परंतु रायगड जिल्ह्यातील गावांत, मुंबईच्या गिरणगावात किंवा पुण्याच्या पेठांत हा खेळ कधी थांबलेलाच नव्हता. तेव्हा पुनर्जन्माचा प्रश्न उद्भवत नाही. २०१४ नंतर प्रेक्षकाच्या निष्ठेचे स्थान मात्र बदलू लागले. गाव, मंडळ आणि कंपनी यांच्याभोवती असलेली निष्ठा शहराचे नाव धारण करणाऱ्या खाजगी संघाकडे वळू लागली.

प्रस्तुत लेखात दोन प्रश्नांचा विचार केला आहे. व्यावसायिक संघाच्या यशाचा आधार असलेला चढाईपटू कोठे आणि कसा घडतो? आणि प्रेक्षक आपली निष्ठा नेमकी कोणाला वाहतो? पनवेल तालुक्यातील करंजाडेसारख्या, जुने गावठाण आणि सिडकोची नवी वसाहत यांचा शेजार असलेल्या ठिकाणाहून पाहिले असता हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

हुतूतूपासून कबड्डीपर्यंत

महाराष्ट्रात हा खेळ दीर्घकाळ ‘हुतूतू’ या नावाने परिचित होता. त्याच्या नियमांत एकवाक्यता नव्हती. ‘संजीवनी’ प्रकारात बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होताच पुन्हा जिवंत होई. ‘गामिनी’ प्रकारात सर्व गडी बाद होईपर्यंत त्याला बाहेरच थांबावे लागे. तर ‘अमर’ प्रकारात बाद झालेला गडी मैदानातच राही आणि प्रतिपक्षास केवळ गुण मिळे. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात पुण्याचा डेक्कन जिमखाना आणि बडोद्याचा हिंदविजय जिमखाना यांनी नियमबद्धतेचे कार्य हाती घेतले. १९२३ मध्ये बडोदे येथे त्या नियमांनुसार अखिल भारतीय स्पर्धा झाली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने जगासमोर या खेळाचे प्रात्यक्षिक सादर केले. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. शंकरराव तथा बुवा साळवी यांनी संघटनेसाठी वेचलेल्या आयुष्याची स्मृती म्हणून त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. कबड्डीसाठी पहिला अर्जुन पुरस्कार १९७२ मध्ये सदानंद शेट्ये या महाराष्ट्राच्या खेळाडूस मिळाला.

या इतिहासाचा एक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. नियम शहरी जिमखान्यांनी केले, परंतु खेळाडू पुरवले ते गावांनी आणि कामगारवस्त्यांनी. कोकणात भातकापणी आटोपली की मोकळ्या झालेल्या शेतात मैदान आखले जाई. मंडळाला बहुधा ग्रामदैवताचे नाव असे. प्रेक्षक हा खेळाडूचा भाऊबंद किंवा शेजारी असे आणि संघ बदलण्याचा विचारही त्याला शिवत नसे. कारण गाव बदलता येत नाही.

‘व्यावसायिक’ या शब्दाचा प्रवास

महाराष्ट्राच्या कबड्डीत ‘व्यावसायिक’ हा शब्द लीगच्या कितीतरी आधीपासून रूढ आहे. राज्यातील स्पर्धांत ‘स्थानिक गट’ आणि ‘व्यावसायिक गट’ असे विभाग असत व आजही असतात. येथे व्यावसायिक म्हणजे कंपनी, बँक, रेल्वे, पोलीस दल किंवा सार्वजनिक उपक्रम यांचा संघ. खेळाडूस खेळाबद्दल मानधन नव्हे, तर नोकरी मिळे. गुडघा दुखावला, वय झाले, तरी पगार चालू राही. गावातील मुलाच्या दृष्टीने कबड्डी ही नोकरीकडे नेणारी वाट होती. खेळाडू कंपनीकडून खेळला तरी सुट्टीत गावच्या मंडळात परतत असे. १९८२ च्या संपानंतर मुंबईतील कापड गिरण्या ओस पडल्या आणि गिरणगावातील कामगारवस्तीचा आर्थिक पाया खचला. पुढे उदारीकरणाच्या काळात अनेक आस्थापनांनी खेळाडूंची भरती आटोपती घेतली. दरम्यान राष्ट्रीय स्पर्धांत सेनादल, रेल्वे आणि हरियाणा यांचे वर्चस्व वाढत गेले.

२०१४ मध्ये ‘व्यावसायिक’ या शब्दाला नवा अर्थ आला. नोकरीची जागा हंगामापुरत्या कराराने घेतली. पहिल्या लिलावातील सर्वोच्च बोली राकेशकुमार यांच्यासाठी १२.८० लाख रुपयांची होती. २०२३ मध्ये पवन सेहरावत यांच्यासाठी ती २.६० कोटींच्या वर गेली. मोबदला वाढला, पण स्थैर्य घटले. या उलाढालीत प्रांतिक ओळखही विसविशीत झाली. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबाद येथे महाराष्ट्राने सेनादलाचा ३४-२९ असा पराभव करून ११ वर्षांनंतर राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले, तेव्हा संघाचे नेतृत्व मुंबईच्या रिशांक देवाडिगा याच्याकडे होते. परंतु लीगमध्ये तो त्या काळात उत्तर प्रदेशाच्या संघाकडून खेळत होता.

चढाईचे बदललेले स्वरूप

चढाईपटूच्या भूमिकेतील बदल समजून घेण्यासाठी अमेरिकन फुटबॉलशी तुलना उपयुक्त ठरते. त्या खेळात चेंडू हाती घेऊन प्रत्येक चाल तडीस नेणाऱ्या सूत्रधार खेळाडूस क्वार्टरबॅक म्हणतात. दहा यार्ड पुढे जाण्यासाठी संघाला चार प्रयत्न मिळतात. केव्हा धोका पत्करावा आणि केव्हा थोडक्यावर समाधान मानावे, हा निर्णय बव्हंशी त्याच्या समजशक्तीवर अवलंबून असतो. आधुनिक चढाईपटूची स्थिती याहून फार निराळी नाही. पूर्वी चढाईची मर्यादा श्वास ठरवीत असे. आता ती घड्याळ ठरवते. १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद मैदानात सात बचावपटूंविरुद्ध त्याच्याजवळ ३० सेकंद असतात. लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्या तर तिसरीत गुण मिळवावाच लागतो. नाहीतर तो बाद होतो. सहा किंवा अधिक बचावपटू असताना बोनस गुण घेता येतो. तीन किंवा कमी उरल्यावर मात्र पकड झाल्यास प्रतिपक्षाला अव्वल पकडीचा अतिरिक्त गुण मिळतो. म्हणजे प्रत्येक चढाई हा एक हिशेब असतो.

मातीवर अनवाणी खेळताना लाथ, हुलकावणी आणि अंगची ताकद यांना महत्त्व होते. मॅटवर बूट घालून खेळताना वेग आणि पदन्यास यांचे मोल वाढले. माती सोडून मॅटवर येणाऱ्या खेळाडूस आपले शरीर जणू नव्याने शिकवावे लागते. या शिक्षणाला वेळ लागतो. अमेरिकेतील ग्रीन बे पॅकर्स संघाने २००५ मध्ये निवडलेल्या आरोन रॉजर्सला ब्रेट फार्वसारख्या ज्येष्ठ खेळाडूच्या मागे तीन वर्षे थांबवले, २००८ मध्ये त्याच्या हाती सूत्रे दिली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये विजेतेपद मिळवले. सूत्रधार विकत घेता येतो, तसा घडवताही येतो. मात्र दुसऱ्या मार्गाला धीर लागतो. महाराष्ट्रातील दोन संघांच्या इतिहासात हे दोन्ही मार्ग दिसतात.

मुंबई आणि पुणे : दोन वाटा

यू मुंबाचा आरंभ दैदीप्यमान होता. कर्णधार अनुपकुमार हा हरियाणातील पालडा गावचा. संयत, अल्पाक्षरी आणि बोनस गुण टिपण्यात वाकबगार अशा या खेळाडूस मुंबईच्या प्रेक्षकांनी परका मानले नाही. पहिल्या हंगामात संघ अंतिम फेरीत जयपूरकडून हरला. २०१५ मध्ये मुंबईतच बंगळुरू बुल्सचा ३६-३० असा पराभव करून त्याने विजेतेपद मिळवले आणि तिसऱ्या हंगामात पुन्हा अंतिम फेरी गाठली. तेथे पाटण्याने ३१-२८ अशी बाजी मारली. लागोपाठ तीन अंतिम सामने हे एका स्थिर सूत्रधाराचे फळ होते.

२०१८ मध्ये अनुपकुमार जयपूरकडे गेला. त्याच वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याच्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई ३६.४० लाख रुपयांत मुंबईच्या संघात आला आणि पदार्पणातच त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले. मुंबईला मराठी मातीतला सूत्रधार गवसला, असे वाटत असतानाच पुढील लिलावात तेलुगू टायटन्सने १.४५ कोटी रुपये मोजून त्याला नेले. तेथेही त्याने २१७ गुण केले. संघ मात्र १२ संघांत ११ व्या स्थानी राहिला. मुंबई त्या वर्षी बचावाच्या बळावर उपांत्य फेरीत पोहोचली, हे मान्य केले पाहिजे. परंतु मुंबईतच पदार्पण केलेला अर्जुन देशवालही नंतर जयपूरकडे गेला, २०२२ च्या हंगामात चढाईचे २९६ गुण मिळवून विजेता ठरला आणि त्याच सुमारास यू मुंबा आठव्या, नवव्या आणि दहाव्या अशा तीन हंगामांत बाद फेरीबाहेर राहिली. या अपयशाची कारणे अनेक असतील. मात्र उमलू लागलेला चढाईपटू टिकवून न धरणे हे त्यातील एक होय.

पुणेरी पलटणला पहिली काही वर्षे यश हुलकावणी देत होते. कालांतराने संघाने लिलावाबाहेरून, नव्या तरुण खेळाडूंच्या वर्गातून संघबांधणी सुरू केली. अहिल्यानगर जिल्ह्यातील टाकळीभानचा अस्लम इनामदार, नाशिकचा आकाश शिंदे, मुंबईचा पंकज मोहिते, हरियाणाचा मोहित गोयत अशी एक पिढी एकत्र वाढली. २०२२ मध्ये संघ अंतिम सामन्यात जयपूरकडून ३३-२९ असा हरला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून त्याने पहिले विजेतेपद मिळवले. साखळीत संघाचे ९६ गुण होते. मोहम्मदरेझा शादलू या इराणी खेळाडूसाठी २.३५ कोटी रुपये मोजले होते, हे खरे; परंतु हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला कर्णधार अस्लम, आणि अंतिम सामन्याला कलाटणी मिळाली ती पंकजच्या चार गुणांच्या चढाईने. चढाईच्या गुणांत लीगमध्ये अग्रस्थानी असलेला एकही खेळाडू या संघात नव्हता. ओझे अनेकांनी वाटून घेतले होते. पुढच्या हंगामात अस्लम जायबंदी झाला आणि संघ बाद फेरीत पोहोचू शकला नाही. २०२५ मध्ये तो पुन्हा अंतिम फेरीत आला व दबंग दिल्लीकडून ३१-२८ असा हरला. घडवलेल्या सूत्रधारावरील भिस्तही जोखमीची असते, पण अशा संघाची पडझड लवकर सावरते.

प्रेक्षक, शहर आणि गावठाण

प्रेक्षकाची निष्ठा जन्मभूमीच्या सीमा ओलांडू शकते, हे अनुपकुमारच्या उदाहरणाने सिद्ध केले. सिद्धार्थच्या उदाहरणाने तिची दुसरी बाजू उघड झाली : खेळाडू गेल्यावर चाहता त्याच्या मागे जावा की संघाजवळ थांबावा? यावर व्यवस्थेचे उत्तर असते शहराचे नाव. मात्र शहराशी प्रत्यक्ष संबंध राहिला तरच ते नाव अर्थपूर्ण ठरते. आठवा हंगाम महासाथीमुळे बंगळुरूत प्रेक्षकांविना झाला, ते अपरिहार्य होते. पण २०२५ च्या हंगामातील सर्व सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली येथे झाले. मुंबई आणि पुणे या दोन्ही संघांना आपल्या शहरात एकही सामना मिळाला नाही. जानेवारी २०२४ नंतर त्या हंगामाच्या अखेरपर्यंत लीगचा एकही सामना मुंबईत झाला नाही. याउलट ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचे गाव. परंतु १९२३ पासून संघाची मालकी भागधारक नागरिकांकडे असल्याने तो तेथून हलत नाही.

करंजाडे परिसरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर पनवेल-उरण पट्ट्यातील आगरी-कोळी गावांची शेते नव्या शहराच्या आराखड्यात सामावली गेली. विमानतळामुळे विस्थापित झालेल्या गावांपैकी काहींचे पुनर्वसन वडघर-करंजाडे परिसरात झाले. भातशेतीबरोबर, कापणीनंतर आपोआप उपलब्ध होणारे मैदानही गेले. आराखड्यातील क्रीडांगण हा त्याला पर्याय ठरू शकतो. पण ते आरक्षणाच्या नकाशातून प्रत्यक्षात उतरावे लागते आणि ते मंडळाच्या ताब्यात नसते. स्थलांतरित गावाने आपले मंडळ, ग्रामदैवताचे नाव आणि खेळाडू सोबत आणले, तरी सायंकाळी पाय रोवायला भूमी हवी.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, व्यावसायिक संघाचे टिकाऊ यश हे महागड्या बोलीपेक्षा चढाईपटूला दिलेल्या वेळेशी अधिक निगडित आहे. दुसरा, जुन्या नोकरीप्रधान व्यवस्थेने खेळाडूस जे स्थैर्य दिले, ते नव्या करारप्रधान व्यवस्थेत उरलेले नाही. ते देण्याचे दायित्व संघमालक, राज्य संघटना आणि महाविद्यालये यांना वाटून घ्यावे लागेल. नोकरीचा भरवसा नसताना पदवी हाच खेळाडूचा दुसरा आधार असतो, म्हणून महाविद्यालयांची जबाबदारी विशेष मानली पाहिजे. तिसरा, प्रेक्षक ज्याला घडताना पाहतो त्याच्याशी तो दीर्घकाळ एकनिष्ठ राहतो. दूरचित्रवाणी त्याला तयार खेळाडू दाखवते. घडणारा खेळाडू त्याला केवळ जवळच्या मैदानावर दिसतो. ते मैदान नाहीसे झाले, तर संघाला चढाईपटू मिळणार नाहीत, आणि त्याच वेळी त्यांना पारखणारा, त्यांच्यासाठी ताटकळणारा प्रेक्षकही मिळणार नाही. नियोजित शहरात क्रीडांगणासाठी राखलेल्या प्रत्येक भूखंडाकडे या दृष्टीने पाहणे आवश्यक आहे.