बूट होणारं व्हिजिटिंग कार्ड

सीडी म्हटलं की १२ सेंटिमीटरची गोल चकती डोळ्यांसमोर येते. पण ती गोलच हवी असं काही नाही. ग्रामोफोनची तबकडी बाहेरून आत वाजते, सीडी मात्र आतून बाहेर वाचली जाते. माहितीची रेघ मधल्या भोकाजवळ सुरू होते आणि जिलबीसारखी बाहेर पसरत जाते. त्यामुळे कडा कापल्या तरी फक्त जागा कमी होते, सीडी चालतेच. फिरताना तोल जाऊ नये, एवढं सांभाळायचं.

जाहिरातवाल्यांनी याचा फायदा घेतला. हृदयाच्या, ताऱ्याच्या, व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या सीडी निघाल्या. बहुतेकांचं काम एकच: कंपनीचं नाव लक्षात ठेवायला लावणं.

१९९९मध्ये लिनक्सकेअर या अमेरिकन कंपनीने प्रदर्शनांत वाटलेलं कार्ड वेगळं होतं. बंद पडलेल्या पीसीत ते घालायचं आणि मशीन सुरू करायचं. हार्ड डिस्कला हात न लावता त्यावरून लिनक्स चालू व्हायचं. मग फाइल्स वाचवा नाहीतर बिघाड शोधा.

अडचण होती जागेची. कार्डावर जेमतेम ५० एमबी मावायचे. म्हणून रस्टी रसेल यांनी 'क्लूप' लिहिलं. सगळी सिस्टिम दाबून एका फाइलमध्ये भरायची आणि वाचताना लागेल तेवढाच तुकडा उलगडायचा. हेच तंत्र पुढे क्लाउस क्नॉपर यांनी 'नॉपिक्स'मध्ये वापरलं, आणि ७०० एमबीच्या सीडीत सुमारे २ जीबीचं सॉफ्टवेअर बसलं. काहीही इन्स्टॉल न करता अख्खं लिनक्स चालवून पाहणं सोपं झालं.

लिनक्सकेअरची घडी लवकरच विस्कटली. पण कार्ड बनवणारे बाहेर पडले आणि त्यांनी ते 'एलएनएक्स-बीबीसी' या नावाने चालू ठेवलं. कोड खुला होता, त्यामुळे कंपनीची परवानगी मागत बसावं लागलं नाही. पुढे 'डॅम स्मॉल लिनक्स'ने तर ५० एमबी हीच आपली मर्यादा ठरवली आणि तेवढ्यात ब्राउझरसकट डेस्कटॉप बसवला. २०२४मध्ये तेच लिनक्स परत आलं, तेव्हा मर्यादा होती ७०० एमबी.

आज लॅपटॉपला सीडीचा ट्रेच नसतो. तरी पेनड्राइव्हवरून उबुंटू चालवून पाहता, तेव्हा आत दाबून भरलेली आणि लागेल तशी उलगडणारी फाइलच असते. फक्त तंत्राचं नाव आता 'स्क्वॅशएफएस' आहे. जाहिरात करणारी कंपनी विस्मरणात गेली; फुकट वाटलेल्या कार्डातली युक्ती अजून रोज कामाला येते.