पणजी ते दमण : हवाई अंतर आणि इतिहास

उर्दूत अंतराला 'मसाफत' म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी. वाळवंटातील वाटाड्या माती हुंगून आपण कोठवर आलो हे ओळखीत असे, म्हणून 'हुंगणे' या अर्थाच्या धातूपासून तो बनला, असे अरबी कोशकार सांगतात. अर्थात अंतर प्रथम वाटेचे होते. दोन शहरांमधील सरळ अंतर ही गणिताची देणगी होय.

या गणितात अबू रैहान अल्-बिरूनी (जन्म इ. स. ९७३) यांचे कार्य मोलाचे आहे. पंजाबातील नंदना येथे डोंगराची उंची व क्षितिजाचा कोन मोजून त्यांनी पृथ्वीची त्रिज्या काढली. गझनीहून किब्ल्याची दिशा ठरविण्यासाठी प्रवाशांनी सांगितलेली अंतरे घेऊन, त्यांतून वळणांपोटी काही भाग वजा करून, त्यांनी शहरांच्या रेखांशांतील फरक काढला. आज आपण उलट दिशेने जातो : अक्षांश-रेखांश माहीत असतात, त्यांवरून अंतर काढतो.

पणजी व दमण ही शहरे घेऊ. त्यांच्या अक्षांशांत सुमारे ४.९ अंशांचा फरक आहे. एका अंशाला सुमारे १११ कि. मी. धरल्यास हे ५४४ कि. मी. होतात. रेखांशांतील फरक एक अंशाचा. या भागात तो सुमारे १०६ कि. मी. भरतो. काटकोन त्रिकोणाच्या नियमाने सरळ अंतर सुमारे ५५४ कि. मी. येते. लांबच्या शहरांसाठी मात्र पृथ्वीची गोलाई लक्षात घ्यावी लागते.

आता प्रश्न असा की, १९५५ साली विमानाला एवढेच अंतर होते काय? तेव्हा दमणचा कारभार पणजीहून चाले. परंतु ही सरळ रेषा त्या काळच्या रत्नागिरी, कुलाबा व ठाणे या जिल्ह्यांवरून, म्हणजे स्वतंत्र भारताच्या भूमीवरून जात होती. १९५४ मध्ये दादरा व नगर हवेली पोर्तुगिजांच्या हातून गेली होती आणि भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती. १९५५ मध्ये सुरू झालेल्या पोर्तुगीज हिंदुस्थानच्या विमानसेवेला भारताचे आकाश टाळून अरबी समुद्रावरून दमण, दीव व कराची गाठावी लागे. नकाशावरील रेषा गणिताने आखली, पण विमानाची वाट राजकारणाने वाकविली.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय वायुदलाने दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्बहल्ला केला. त्याच रात्री तेथून उडालेली दोन पोर्तुगीज विमाने कराचीला पोहोचली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला आणि आकाशातील ते कुंपणही संपले.

५ जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यातील मोपा येथूनही विमाने उडतात. त्यामुळे 'गोवा-मुंबई हवाई अंतर किती?' या प्रश्नाची आता दोन उत्तरे आहेत : दाबोळीहून सुमारे ४२३ आणि मोपाहून सुमारे ३८६ कि. मी. पेडणे वा डिचोलीच्या विद्यार्थ्याने मार्गदर्शक पुस्तकातील एकच आकडा पाठ करून भागणार नाही.

म्हणून अध्यापक बंधू-भगिनींना विनंती की, अंतराचा आकडा सांगताना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात : कोणत्या बिंदूपासून, कोणत्या रेषेने आणि कोणत्या वर्षी? पहिले दोन प्रश्न भूगोलाचे आहेत, तिसरा इतिहासाचा. तिसरा वगळला, तर दमणचे ५५४ कि. मी. बरोबर येतील; पण त्या वेळी ते कोणालाच सरळ का उडता आले नाहीत, हे विद्यार्थ्याला कधीच कळणार नाही.